गावचा पैसा आणि विधिमंडळाची नजर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना 'पी.आर.सी.' ही तीन अक्षरे काही नवीन नाहीत. ही समिती जिल्ह्यात येणार अशी वार्ता पसरली, की कचेऱ्यांतून धावपळ सुरू होते. कपाटातल्या फायली खाली उतरतात, अपुऱ्या राहिलेल्या नोंदवह्या पुऱ्या होतात, शाळेच्या भिंतींना चुना लागतो. दोनतीन दिवसांनी समिती निघून जाते आणि सारे पुन्हा पहिल्यासारखे होते. गावकरी मंडळींना मात्र एवढेच दिसते, की मोटारी आल्या आणि मोटारी गेल्या. मग पारावर बसलेला एखादा म्हातारा विचारतो, "काय हो गुरुजी, हे लोक आले कशाला होते?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांना नीटसे देता येत नाही. ते उत्तर आज आपण पाहू.

पी.आर.सी. म्हणजे आपल्या राज्याच्या विधिमंडळाची पंचायती राज समिती. विधानसभा आणि विधानपरिषद या दोन्ही सभागृहांतले सदस्य तीत असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांना मिळालेला पैसा कायद्याप्रमाणे आणि ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी खर्च झाला की नाही, हे पाहणे हे तिचे काम. समिती म्हणजे सरकारचे खाते नव्हे, आणि ती पोलिसांची तपासणीही नव्हे. लोकांनी निवडून दिलेल्या आमदारांनी लोकांच्या पैशाचा हिशेब विचारण्यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमदारांना सभागृहात प्रश्न विचारता येतात की! मग वेगळी समिती हवी कशाला? त्याचे कारण साधे आहे. सभागृहात प्रश्नोत्तराला तास दोन तास मिळतात, आणि महाराष्ट्रात विधानसभेचे सदस्यच २८८ आहेत. वाशीम जिल्ह्यातून त्यांपैकी तिघे जातात: एक रिसोडचा, एक वाशीमचा आणि एक कारंज्याचा. एवढ्या गर्दीत एखाद्या पंचायत समितीच्या बंद पडलेल्या पाणीपुरवठा योजनेचे बिल तपासायला सवड कुणाला? म्हणून सभागृहे आपल्यातली काही माणसे निवडतात आणि कागद घेऊन शांतपणे बसण्याचे काम त्यांच्यावर सोपवतात. ही रीत जुनी आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटाने लोकलेखा समिती १८६१ साली नेमली, आपल्याकडे मध्यवर्ती कायदेमंडळाची लोकलेखा समिती १९२१ साली आली, आणि राज्याराज्यांत ती प्रथा पुढे रुजली. पंचायती राज समिती हे त्याच झाडाचे एक फळ आहे.

हे फळ महाराष्ट्रात कसे आले, तेही थोडक्यात पाहू. वाशीमचा मुलूख पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तिथे १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. त्याच वर्षी सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. नाईक हे पुसदकडचे, म्हणजे आपले शेजारीच. या समितीने १९६१ साली आपला अहवाल दिला आणि विकासाची मुख्य जबाबदारी जिल्ह्याच्या पातळीवर द्यावी असे सुचविले. त्यातून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी यांचा मोठा पैसा तेव्हापासून जिल्ह्याच्या हाती आला. पैसा आला म्हणजे हिशेब आला, आणि हिशेब आला म्हणजे तो घेणाराही हवा.

आता हा पैसा येतो कोठून, ते पाहा. ग्रामपंचायत घरपट्टी आणि पाणीपट्टी घेते. जिल्हा परिषदेला जमीन महसुलावरच्या उपकराचे उत्पन्न असते. पण आपल्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, जिथे बहुतेकांचा संसार सोयाबीन आणि तुरीवर चालतो, या पट्ट्यांतून किती जमणार? त्यामुळे मोठा वाटा वरून, म्हणजे राज्य आणि केंद्र सरकारकडून अनुदान म्हणून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना जे अनुदान ठरवून दिले, त्यातला शेकडा साठ भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. उरलेला शेकडा चाळीस भाग गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. बांधलेला पैसा दुसरीकडे वळवला तर तो आक्षेपाचा विषय होतो. आणि वेळेत खर्चच केला नाही तर? जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत वापरता येतो. त्यानंतर उरलेला पैसा सरकारकडे परत जातो. म्हणजे पैसा खाल्ला तरी गावाचे नुकसान, आणि तो नुसता कपाटात पडून राहिला तरीही गावाचेच नुकसान. दुसऱ्या प्रकारचे नुकसान फारसे बोलले जात नाही, कारण त्यात चोर सापडत नाही. पण शाळेची खोली मात्र दोन्ही प्रकारांत बांधली जात नाही.

या पैशाची पहिली तपासणी करतात ते स्थानिक निधी लेखापरीक्षक. त्यांचे काम १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याखाली चालते, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. लेखापरीक्षक कचेरीत येतात, रोकडवही, पावत्या, मोजमाप पुस्तिका, निविदा हे सारे पाहतात आणि जिथे शंका येईल तिथे आक्षेप लिहितात. प्रत्येक आक्षेपाचा एक परिच्छेद होतो. "अमुक कामाची मोजमाप पुस्तिका दाखवली नाही." "अमुक रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र नाही." "निविदा न काढता खरेदी केली." यांपैकी काही रकमा वसूलपात्र ठरतात. आक्षेपाला उत्तर देऊन, पुरावा दाखवून किंवा रक्कम भरून घेऊन तो मिटवावा लागतो. याला कचेरीच्या भाषेत अनुपालन म्हणतात. अनुपालन झाले नाही तर परिच्छेद तसाच पुढच्या वर्षाच्या अंगावर पडतो. अधिकारी बदलतात, लिपिक निवृत्त होतात, कागद वाळवी खाते, पण परिच्छेद काही हलत नाही.

विधिमंडळाची पंचायती राज समिती या परिच्छेदांपासूनच सुरुवात करते. लेखापरीक्षेच्या पुनर्विलोकनाचा अहवाल आणि जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल हे दोन तिचे मुख्य कागद. जिल्ह्यात येण्यापूर्वी ती प्रश्नावली पाठवते. मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आणि खातेप्रमुखांची साक्ष घेते. समितीचे सदस्य गटागटाने पंचायत समित्या, ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांना भेट देतात आणि कागदावरचे जागेवर जुळते का ते पाहतात. कागदावर विहीर आहे, पण शिवारात ती आहे का? हजेरीपटावर मुले आहेत, पण वर्गात ती बसली आहेत का? पुढे संबंधित खात्याच्या सचिवांचीही साक्ष होते. शेवटी समिती आपला अहवाल सभागृहापुढे ठेवते. त्यात शिफारशी असतात, आणि सरकारने त्यांवर काय केले ते पुन्हा समितीला कळवावे लागते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. समिती स्वतः कुणाला तुरुंगात घालत नाही, दंड करीत नाही की कुणाची बदलीही करीत नाही. ती विचारते, लिहिते आणि शिफारस करते. कित्येकांना हे हात बांधल्यासारखे वाटते. पण विचारण्याची ताकद काही लहान नसते. ज्या अधिकाऱ्याला गावातला माणूस चार वेळा खेटे घालूनही उत्तर मिळवू शकत नाही, त्याला समितीपुढे कागद घेऊन उभे राहावे लागते आणि उत्तर द्यावेच लागते.

अशा विचारण्याने काही बदलते का? याचे उत्तर घरकुलाच्या उदाहरणातून चांगले कळेल, कारण घरकुल हा विषय आपल्या प्रत्येक गावात आहे. गरिबांना घर बांधायला मदत देणारी इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. तीस वर्षे ती चालली आणि लाखो घरे उभी राहिली. पण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी करून २०१४ साली जो अहवाल दिला, त्यात पुष्कळ उणिवा निघाल्या. घरे नक्की किती लागणार याचा अंदाजच नीट घेतलेला नव्हता. लाभार्थी निवडताना पारदर्शकता नव्हती. बांधकामावर तांत्रिक देखरेख कमी पडत होती, त्यामुळे घरांचा दर्जा राखला जात नव्हता. नियंत्रणाची व्यवस्था ढिली होती. हे सारे संसदेपुढे आले.

पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, अशा नव्या नावाने योजना बांधली गेली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच या उणिवांचा उल्लेख केला गेला. नव्या नियमांत काय आले पाहा. लाभार्थ्यांची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून काढायची आणि ग्रामसभेत तपासून घ्यायची. घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर हवे. सपाट प्रदेशात मदत १,२०,००० रुपये. ती हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात जायची. जोते झाले, भिंती झाल्या, छत झाले, त्या त्या टप्प्याला जागेवरचे छायाचित्र काढून नोंदवायचे. त्याशिवाय स्वतःच्या घराच्या कामावर ९० ते ९५ दिवसांची मजुरी रोजगार हमीतून आणि शौचालयासाठी १२,००० रुपये वेगळे. आज तुमच्या शेजाऱ्याच्या अर्ध्या भिंतीपुढे उभा राहून कोणी मोबाईलवर फोटो काढतो, त्याचे मूळ एका लेखापरीक्षेच्या अहवालात आहे. कोणीतरी हिशेब पाहिला, कोणीतरी उणीव लिहून ठेवली, आणि ती वरपर्यंत गेली, म्हणून नियम बदलला.

याचा अर्थ सगळे सुरळीत झाले असा मुळीच नाही. ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याचे घरकुल मंजूर होऊनही अडते. गावठाणाबाहेर बसलेल्या माणसाची झोपडी नमुना ८ वर चढत नाही, तिथे गाडी रुतते. एखाद्याचा हप्ता लांबतो आणि पावसाळा तोंडावर येतो. नव्या योजनेला नव्या अडचणी असतात, आणि त्या कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या नियमात येत नाहीत.

आता या व्यवस्थेतली मोठी उणीव सांगतो. ती म्हणजे उशीर. खर्च एका वर्षी होतो, लेखापरीक्षा नंतर होते, पुनर्विलोकनाचा अहवाल त्याहून नंतर, आणि समिती साक्ष घेते तेव्हा मध्ये कित्येक वर्षे गेलेली असतात. ज्याने बिल मंजूर केले तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो, ठेकेदाराचा पत्ता नसतो आणि ज्या पुलाचा हिशेब चालू आहे तो पूल एखाद्या पुरात वाहूनही गेलेला असतो. डॉक्टर नाडी पाहतो तेव्हा रोगी वाचण्याची आशा असते. शवचिकित्सेने मृत्यूचे कारण कळते, माणूस उठून बसत नाही. विधिमंडळाची तपासणी पुष्कळदा शवचिकित्सेसारखी होते.

हा उशीर आपल्याकडेच आहे असे नव्हे. ज्या इंग्लंडकडून आपण ही रीत घेतली, तिथेही तेच झाले. तेथील स्थानिक संस्थांची तपासणी करणारा लेखापरीक्षा आयोग २०१५ साली बंद करण्यात आला. पुढे काम इतके साचले, की २०२२-२३ या वर्षाचे तपासलेले हिशेब मुदतीत प्रसिद्ध करणाऱ्या संस्था शेकडा एक एवढ्याच निघाल्या. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या परिषदेला २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर करावे लागले, की आपल्याला खर्चाची तोंडमिळवणी करता येत नाही. तेव्हा श्रीमंत देश असो की गरीब, हिशेब वेळेवर पाहिला नाही तर त्याची किंमत शेवटी रहिवाशांनाच द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. केंद्र सरकारने २०१८ साली मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी करून त्यांना आकांक्षित जिल्हे म्हटले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि त्यांतला एक आपला. म्हणजे इथे येणाऱ्या प्रत्येक रुपयाची गरज जास्त, आणि तो वाया गेला तर दुःखही जास्त. वाशीम जिल्हा परिषदेवर जानेवारी २०२० च्या निवडणुकीत निवडून आलेल्या सदस्यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक कितीही चांगला असला, तरी सभेत उठून "हा खर्च का झाला?" असे विचारणारा सदस्य त्या काळात नसतो. जिल्हा नियोजन समितीचेही तसेच. राज्यघटनेप्रमाणे तिच्या सदस्यांपैकी किमान चार पंचमांश हे जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून निवडायचे असतात. निवडून आलेले सदस्यच नसतील, तर त्या खुर्च्यांवर बसणार कोण? अशा वेळी मधली पायरी मोकळी पडते, आणि सगळा भार एका टोकाला विधिमंडळावर, तर दुसऱ्या टोकाला ग्रामसभेवर येतो.

विधिमंडळ मुंबईला आहे. ग्रामसभा तुमच्या पारावर आहे. म्हणून शेवटी ग्रामसभेबद्दल बोलतो.

ग्रामपंचायतीचा मूळ कायदा १९५८ चा. त्याच्या कलम ८ मध्ये एक तरतूद आहे, ती सगळ्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने चार गोष्टी ठेवायच्या असतात: वर्षाच्या हिशेबाचे विवरण, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाच्या विकासाचा कार्यक्रम, आणि शेवटच्या लेखापरीक्षेची टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे. ही चौथी गोष्ट फार मोलाची आहे. जो आक्षेप विधिमंडळाच्या समितीपुढे कित्येक वर्षांनी जाईल किंवा जाणारही नाही, तो तुमच्या ग्रामसभेपुढे आधी आला पाहिजे, असे कायदाच सांगतो. पण किती गावांत कुणी उठून म्हणते, "सरपंच साहेब, लेखापरीक्षेची टिप्पणी वाचून दाखवा"? ग्रामसभा घरकुलाच्या यादीवर तापते, आणि हिशेबाचा विषय आला की मंडळी चहाला उठतात.

हिशेब कळायला फार शिक्षण लागत नाही. ग्रामपंचायतीच्या वह्यांना नंबर असतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवही, नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद, नमुना १० म्हणजे कराची पावती. या चार वह्या पाहिल्या, तर काय ठरले होते, काय आले, काय गेले आणि कुणाकडे किती बाकी आहे, एवढे कुणालाही समजते. घरपट्टी भरताना पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. ज्याने आपली बाकी भरली आहे, त्याला ताठ मानेने प्रश्न विचारता येतो.

इथे गुरुजींचा उपयोग मोठा आहे. मागचे अंदाजपत्रक फळ्यावर लिहून सातवीच्या मुलांकडून त्याची बेरीज-वजाबाकी आणि शेकडेवारी करून घ्यावी. गणितही होईल आणि नागरिकशास्त्रही. घरी जाऊन मूल बापाला विचारील, "बाबा, आपल्या गावात पाण्यासाठी आलेल्या पैशांतले किती उरले?" त्या बापाला पुढच्या ग्रामसभेला गेल्यावाचून राहवणार नाही. मात्र गुरुजींनी कुणाच्या गटाचे होऊ नये. आकडे सर्वांसमोर ठेवावेत, निवाडा गावाने करावा.

ग्रामसभेत विचारताना भांडणाचा सूर नको. सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना चोर समजून सुरुवात केली, तर हिशेब बाजूला राहतो आणि जुने वैर वर येते. "आक्षेप कोणता आहे, उत्तर काय दिले आणि ते कधीपर्यंत मिटेल?" एवढे तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. लिहिलेल्याला वजन असते. इतिवृत्तातली नोंद लेखापरीक्षक पाहतो, आणि लेखापरीक्षकाने लिहिलेलेच पुढे समितीपुढे जाते. तोंडी तक्रार मात्र पाराच्या पलीकडे जात नाही. कागद देण्याची टाळाटाळ झाली तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच, पण तो शेवटचा उपाय समजावा.

तेव्हा पारावरच्या त्या म्हाताऱ्याला सांगता येईल, की विधिमंडळाचे लोक आपल्या पैशाचा हिशेब घ्यायला आले होते. पण दूरवरून आलेल्या माणसाला तेवढेच दिसते, जेवढे गावाने लिहून ठेवलेले असते. वर्षातून ग्रामसभा किमान चार होतात. त्यांतल्या पहिल्या सभेची नोटीस फळ्यावर लागली, की तारीख भिंतीवर लिहून ठेवा, शेजाऱ्याला सांगा, बायामाणसांना बरोबर घेऊन जा, आणि लेखापरीक्षेची टिप्पणी वाचून दाखवल्याशिवाय सभेतून उठू नका.